भिंतीवर चंद्र लावताना खाली तारीखही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घराच्या भिंती सजवण्यावर लेख आला होता. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेल्या अवकाशातल्या छायाचित्रांचा उल्लेख वाचला. हे माझं रोजचं काम आहे. रत्नागिरीत आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तिथे देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो व्हायचे, आता त्याच जागेत मी छपाईही करते. चांद्रयान-३ उतरल्यापासून शाळा, वाचनालयं, दंतवैद्यांचे दवाखाने, नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणारी जोडपी असे सगळेच चंद्र, मंगळ आणि तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायूचे आणि धुळीचे ढग, मागायला लागले आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण छापायला येणाऱ्या चित्रांतली बरीचशी अवकाशात कुणी टिपलेलीच नसतात, आणि जी खरी असतात त्यांच्याखाली ती कशाची, कधीची, कुणी घेतलेली, हे लिहायला कुणी सांगत नाही. त्याबद्दल हे पत्र.

धातूवरची छपाई कशी होते ते आधी सांगते. फोटो छापलेला मग सगळ्यांनी पाहिला आहे, तीच ही सब्लिमेशनची पद्धत. खास शाईनं कागदावर चित्र उलटं छापायचं, पांढरा लेप दिलेल्या पत्र्यावर तो कागद पालथा ठेवायचा आणि हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला दाबायचा. शाईची वाफ होऊन ती लेपात शिरते आणि पत्रा निवला की आतच राहते. रंग वर चिकटवलेला नसल्यामुळे तो खरवडून निघत नाही, ओल्या फडक्यानं पुसला तरी चालतो. या शाईत पांढरा रंग नसतो. ढगांचा, बर्फाचा, अंतराळवीराच्या पोशाखाचा पांढरा तो लेपाचाच. म्हणून पांढऱ्याऐवजी पारदर्शक लेप दिलेल्या, चंदेरी दिसणाऱ्या पत्र्यावर पृथ्वी छापू नये, ढग करडे पडतात. चंद्राची माती मात्र त्या पत्र्यावर फार सुरेख दिसते.

अवकाशातल्या फोटोंना धातू का शोभतो, याचं उत्तर काळ्या रंगात आहे. या फोटोंचा निम्म्याहून अधिक भाग काळा असतो. मॅट कागदावर तो राखाडी उतरतो, काचेआड ठेवला तर समोरची खिडकी त्यात दिसते. चकचकीत लेपाच्या पत्र्यावर काळा खोल दिसतो. ट्यूबलाइट बरोबर समोर असेल तर तिथे मात्र सॅटिनचा, म्हणजे कमी चकाकणारा, लेप घ्यावा.

कोकणात आणखी एक कारण आहे. चार महिन्यांच्या पावसात काचेआडच्या कागदावर बुरशीचे ठिपके धरतात, मागच्या हार्डबोर्डला वाळवी लागते. सनबोर्डवर चिकटवलेलं व्हिनाइल दोन पावसाळ्यांत कडेनं सुटायला लागतं. पत्र्याला काच नको, बोर्ड नको. मागे अर्ध्या इंचाचे ठोकळे लावले की तो भिंतीपासून सुटा राहतो, मागून हवा खेळते. स्क्रू तेवढे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडे ओघळ येतात. आणि थेट ऊन पडेल अशा जागी लावू नये, उन्हानं या शाईचाही रंग जातो. एवढं सांभाळलं तर हा फोटो वर्षानुवर्षं राहतो. कॅलेंडर डिसेंबरात उतरतं. शाळेच्या व्हरांड्यात लावलेला पत्रा मात्र पहिलीतलं मूल दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत तिथेच असतो, आणि त्यावर चूक असेल तर तीही तेवढी वर्षं तिथेच असते.

सर्वात जास्त मागणी ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ या चित्राला आहे. निळ्या, हिरव्या, तांबड्या ठिपक्यांनी भरलेला आपला देश. ते चित्र दिवाळीचं नाही, एका रात्रीचंही नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांच्या नोंदी एकत्र करून ते तयार केलेलं आहे. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२मध्ये नव्यानं दिसलेले निळे, १९९८चे हिरवे आणि २००३चे तांबडे असे रंग त्यात मुद्दाम दिलेले आहेत. पुढे २०१२च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्री, सुओमी एनपीपी या उपग्रहानं भारताचं खरोखरचं चित्र घेतलं. त्यात नेहमीच्या रात्रीपेक्षा वेगळं काही ओळखू येत नाही, कारण फटाक्यांचा आणि पणत्यांचा उजेड तेवढ्या उंचीवरून जाणवतच नाही. हे सांगितलं की गिऱ्हाईक हिरमुसतं. मी सांगते, चित्र जरूर लावा, फक्त खाली खरं लिहा. दहा-अकरा वर्षांत कुठल्या गावांत नवे दिवे लागले, हे ज्या चित्रातून कळतं ते दिवाळीच्या गोष्टीहून कमी मोलाचं आहे का? हायस्कूलच्या भूगोलाच्या वर्गात मी ते डोळे मिटून लावीन, पण रंगांचा अर्थ आणि सालं छापूनच.

चांद्रयानाबाबत असंच झालं. चंद्राच्या मातीत रोव्हरच्या चाकानं उमटवलेली अशोकस्तंभाची स्वच्छ, रेखीव मुद्रा अनेकांच्या फोनमध्ये आहे. प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं बोधचिन्ह कोरलेलं होतं हे खरं, पण फिरणारं ते चित्र एका कलावंतानं संगणकावर केलेलं होतं. लँडर उतरताना बाजूनं दिसतो, खाली धूळ उडते आहे, ते चित्रही अ‍ॅनिमेशनचं. त्या दिवशी, त्या जागी बाजूला उभं राहून फोटो काढणारं कुणी नव्हतंच. आता तर शब्द टाइप केले की घडीभरात तेजोमेघ तयार करून देणारी साधनं आली आहेत आणि त्यांतली चित्रं ‘नासाचा फोटो’ म्हणून विकायला ठेवलेली दिसतात. दिवाणखान्यात शोभेसाठी कुणाला ती लावायची असतील तर माझी हरकत नाही. शाळेच्या, वाचनालयाच्या, सार्वजनिक सभागृहाच्या भिंतीवर ती लावायला माझा विरोध आहे, आणि ‘फोटो’ म्हणून छापून द्यायला मी नकार देते. अशी कामं हातची गेली आहेत, पुढेही जातील.

खऱ्या फोटोंवरही अन्याय होतो. चंद्रावर समोर तोंड करून उभा असलेला अंतराळवीर प्रत्येकानं पाहिलेला आहे, आणि आपल्याकडे त्याखाली हमखास ‘नील आर्मस्ट्राँग’ असं लिहिलेलं असतं. तो बझ ऑल्ड्रिन आहे. कॅमेरा आर्मस्ट्राँगच्या छातीवर होता. बहुतेक वेळ तो त्याच्याकडेच असल्यामुळे चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे तिथले चांगले फोटो अगदी थोडे आहेत. या फोटोत तो दिसतो, पण ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत, छोटासा पांढरा उभा ठिपका होऊन. धातूवर हा फोटो दोन फुटांचा केला की जवळ जाऊन ते प्रतिबिंब, त्यांच्या यानाचे पाय आणि झेंडा पाहता येतो. मूळ फ्रेममध्ये ऑल्ड्रिनच्या पाठीवरच्या संचाची अँटेना वरून कापली गेली आहे. पुष्कळ प्रतींत डोक्यावर जी काळी जागा दिसते ती नंतर जोडलेली आहे. शक्य असेल तिथे मी मूळ फ्रेम द्यायला सांगते.

त्याच फोटोवर बारीक फुल्या दिसतात. ‘त्या पुसून द्या’ असं सांगणारे बरेच आहेत. हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे एक काच बसवलेली होती, तिच्यावर एकेक सेंटिमीटर अंतरानं या फुल्या कोरलेल्या होत्या, फोटोवरून मोजमाप करता यावं म्हणून. त्या पुसणं म्हणजे नकाशावरची प्रमाणपट्टी पुसण्यासारखं आहे. दुसरी फर्माईश ‘आकाशात थोडे तारे टाका’ अशी असते. चंद्रावर तेव्हा दिवस होता. लख्ख उन्हातली जमीन आणि पांढरा पोशाख नीट यावा म्हणून कॅमेऱ्याचं शटर क्षणभरच उघडत होतं, तेवढ्यात मंद ताऱ्यांचा उजेड फिल्मवर उमटत नाही. तारे नाहीत, म्हणून चंद्रावर कुणी गेलंच नाही, असं म्हणणारेही मला भेटतात. आपणच तारे टाकून दिले तर फोटो पाहणाऱ्या मुलाला हे कारण कधी विचारावंसं वाटेल?

हबल दुर्बिणीनं १९९५मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचा फोटो दिवाणखान्यांत फार चालतो. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूरचे वायूचे आणि धुळीचे ते उंच खांब, आत नवे तारे जन्माला येताहेत. त्या फोटोचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला आणि काळा आहे. हबलच्या त्या वेळच्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते. तीन सारखे, चौथा अधिक बारकावे टिपणारा पण लहान तुकडा पाहणारा. चारही चित्रं एका मापात बसवली की चौथं आक्रसतं आणि पायरी उरते. ही पायरी ‘भरून द्या’ असं मला सांगतात आणि संगणक ती दोन मिनिटांत भरतोही, तिथे नसलेल्या धुळीनं. मी पायरी तशीच ठेवते. पूर्ण चौकोनच हवा असेल तर हबलनंच पुढे घेतलेला आणि २०१५च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला फोटो आहे, किंवा जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा २०२२चा आहे. वेब डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहते, त्यामुळे धूळ आरपार होऊन मागचे तारे दिसतात. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले तर एकाच वस्तूकडे दोन तऱ्हांनी पाहणं म्हणजे काय, हे शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

‘मग हे रंग खरे का?’ असं लगेच विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. १९९५च्या त्या फोटोत गंधकाचा प्रकाश तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. डोळ्यांना गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबडेच दिसले असते, मग कुठला वायू कुठे आहे हे वेगळं कळलं नसतं. म्हणजे प्रकाश खरा, आकार खरा, रंगांची वाटणी माणसानं ठरवलेली आणि उघडपणे सांगितलेली. कल्पनेनं केलेल्या चित्रात आणि यात हाच फरक आहे, आणि दोन ओळींत तो फोटोखाली मावतो.

शाळांनी एक चित्र आवर्जून लावावं असं मला वाटतं, आणि ते आजवर कुणी माझ्याकडे मागितलेलं नाही. १९६५च्या जुलैत मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याच्या एका चित्रात आडवे-उभे २०० गुणिले २०० एवढेच ठिपके होते आणि ते आकड्यांच्या रूपात अतिशय सावकाश पृथ्वीवर येत होते. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना चित्र तयार होईपर्यंत धीर निघेना, शिवाय यानावरचा टेप रेकॉर्डर नीट चालला का, याची काळजी होती. त्यांनी आकडे कागदी पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग हे ठरवून खडूनं हातानं रंगवायला घेतलं. यानाच्या कॅमेऱ्यानं मंगळाजवळून पाहिलेलं पहिलं चित्र असं, तपकिरी आणि पिवळ्या खडूनं, भिंतीवरच उमटलं. पुढे ती चौकट करून संस्थेच्या संचालकांना भेट दिली गेली आणि आजही जपून ठेवलेली आहे. जवळून पाहिलं की रंगाखालचे आकडे दिसतात. डिजिटल फोटो म्हणजे काय हे पाचवीच्या मुलाला समजावायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. शेजारी चौकटींचा कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले तर पोरं आपापला मंगळ रंगवतील.

फाइलबद्दल थोडं. तीन फूट रुंद पत्र्यावर बारकावे नीट उतरायला मी निदान सात हजार पिक्सेल रुंदीची फाइल मागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दीड-दोन हजारांच्या आसपास आक्रसलेला असतो. मूळ फायली नासाच्या आणि हबल-वेबच्या संकेतस्थळांवर पैसे न भरता मिळतात, श्रेय तेवढं द्यावं लागतं. तरी लोक कुठूनतरी विकत घेतलेली धूसर प्रत घेऊन येतात. पण प्रत्येक फोटो मोठा होतो असंही नाही. व्हॉयेजर-१ या यानानं १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून आपल्याकडे वळून पाहिलं, त्या चित्रात पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान आहे. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याची फ्रेम ८०० गुणिले ८०० ठिपक्यांची, त्यामुळे ते फूटभराच्या पत्र्यावरच शोभतं. छापणाऱ्यांनो, त्यावर डाग काढायचं सॉफ्टवेअर चालवू नका, पहिल्या फटक्यात पृथ्वी जाईल.

मोठा करायचाच तर अपोलो-१७मधून ७ डिसेंबर १९७२ रोजी घेतलेला पूर्ण पृथ्वीचा फोटो करावा. आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान आणि खाली अंटार्क्टिकाचं बर्फ. मूळ फोटोत दक्षिण वर आहे, आपल्या सवयीसाठी तो फिरवतात. फिरवलेल्या फोटोत वर उजव्या कडेला ढगांचा एक भोवरा आहे. दोनच दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, तमिळनाडूला झोडपून गेलेलं ते चक्रीवादळ. निसर्ग वादळ ज्यांनी २०२०मध्ये अंगावर घेतलं त्या आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांना हा भोवरा बोट ठेवून दाखवला तर ती तो फोटो विसरणार नाहीत.

आणि आपले फोटो? नासाची चित्रं जरूर लावावीत, पण मंगळयानाचं मंगळाचं पूर्ण बिंब किती शाळांत आहे? २०१४च्या सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे ७४,५०० किलोमीटरवरून घेतलेलं. यानाची कक्षा फार लांबट असल्यामुळेच पूर्ण मंगळ एका चौकटीत बसला. आदित्य-एल१वरच्या सूट या दुर्बिणीनं डिसेंबर २०२३मध्ये अतिनील प्रकाशात सूर्याची पूर्ण बिंबं टिपली. ती दुर्बीण पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकारानं घडली आहे. अकरा वेगवेगळ्या फिल्टरांतली ती सूर्यबिंबं एका रांगेत लावली तर कुठल्याही लांब व्हरांड्याचं सोनं होईल. आमच्या जिल्ह्यातून सहलीला पुण्याला जाणाऱ्या शाळांनी तर ती लावायलाच हवीत.

माझी विनंती साधी आहे. शाळा, ग्रामपंचायती, वास्तुविशारद, जो कुणी असा फोटो करायला देईल त्यानं त्याच पत्र्याच्या तळाशी दोन इंचांची पट्टी ठेवून घ्यावी आणि तिथे मराठीत चार गोष्टी छापून घ्याव्यात: काय दिसतं, कधी टिपलं, कुठल्या यानानं किंवा कुणी, आणि रंग डोळ्यांना दिसतील तसे आहेत की दिलेले. वेगळी चिकटवलेली पाटी पडते, हरवते. पत्र्यातच छापलेली ओळ फोटोइतकीच टिकते आणि तिचा वेगळा खर्च येत नाही. माझ्या दुकानात मजकूर मी स्वतः लिहून देते, इतर छापणाऱ्यांनीही हे अंगावर घ्यावं. शाळांसाठी छपाईयोग्य मोठ्या फायलींचा एक संच, मराठीतल्या अशा ओळींसह, इस्रोनं किंवा आयुकानं तयार करून दिला तर जिल्ह्या-जिल्ह्यांतले माझ्यासारखे व्यावसायिक तो आनंदानं छापतील.

आपल्यालाही एक विनंती. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अवकाश दिन येईल. त्या दिवशी अ‍ॅनिमेशनचं चित्र न घेता प्रज्ञाननं काढलेला विक्रमचा फोटो पानभर छापावा. ओळी अशा देता येतील: ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उभा असलेला विक्रम लँडर. ३० ऑगस्ट २०२३. प्रज्ञान रोव्हरवरच्या दिशादर्शक कॅमेऱ्यानं टिपलेलं छायाचित्र. कॅमेरा कृष्णधवल आहे. लँडरच्या बाजूनं मातीत शिरलेली दिसते ती जमिनीचं तापमान मोजणारी चास्टे ही सळई. श्रेय: इस्रो.’

आपली,
एक फोटोफ्रेम व्यावसायिक, रत्नागिरी